खालच्या कप्प्यातले महाबली

वाचनालयात कुठलं पुस्तक खरोखर वाचलं जातं, हे ओळखायला देवघेवीचं रजिस्टर चाळायची गरज नाही. पुस्तकाचा कणा बघावा. थोरामोठ्यांच्या आत्मचरित्रांचे कणे ताठ असतात. ते हयातभर कुणापुढे वाकले नाहीत म्हणून नव्हे, तर त्यांना आजवर कुणी उघडलंच नाही म्हणून. याउलट सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाडूच्या शेजारी, जी कॉमिक्स कोंबलेली असतात त्यांना कणा उरलेलाच नसतो. चिकटपट्टीवर चिकटपट्टी, कोपरे दुमडून दुमडून गळालेले, मधल्या पानावर चिवड्याच्या तेलाचा डाग. वाचनसंस्कृती म्हणून जे काही असतं, ते त्या कप्प्यात असतं. वरच्या कप्प्यांत असतो तो ग्रंथसंग्रह.

आमच्या भागातल्या वाचनालयाने या खालच्या कप्प्याबाबत एक नियम केला आहे आणि तो लॅमिनेट करून टांगला आहे. बाल सभासदाने कॉमिक्स घेतल्यास सोबत एक पुस्तक घेणे बंधनकारक आहे. म्हणजे कॉमिक्स हे पुस्तक नाही, हे समितीने ठराव करून टाकलं. दिवाळीत किराणा दुकानदार तेलाच्या डब्याबरोबर न खपणारा साबण गळ्यात मारतो, त्यातला हा प्रकार. त्यामुळे आमची कन्या (इयत्ता तिसरी) दर शनिवारी एक बॅटमॅन आणि एक ‘थोर शास्त्रज्ञ’ घेऊन घरी येते. एडिसन आमच्याकडे बऱ्याचदा येऊन गेले. बसले मात्र कधीच नाहीत.

आता मुलांबरोबर बसून वाचावं, त्याने नातं घट्ट होतं, शब्दसंपत्ती वाढते वगैरे रविवारच्या पुरवण्यांत येत असतं. आमच्याकडे कारण वेगळं आहे. वाचनालयाचा बाइंडर. हा गृहस्थ कॉमिक्सचं मूळ मुखपृष्ठ काढतो, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावतो, कडेने टोचे मारून जाड दोऱ्याने असं काही शिवतो की दोन पानांवर पसरलेला हल्क निम्मा शिवणीत जातो. मग तीन बाजूंनी कटिंग. त्यात वरच्या फुग्यांची डोकी उडतात. अशा पुस्तकाची पानं एका माणसाने दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि दुसऱ्याने खाचेत डोकं घालून आतलं वाचायचं, एवढाच मार्ग उरतो. आमच्या घरातलं सहवाचन बालमानसशास्त्रातून आलेलं नाही, बाइंडिंगमधून आलेलं आहे.

त्यात तो शिक्का. पुस्तक चोरीला गेलं तर ओळख पटावी म्हणून प्रत्येक वाचनालय एका ठरावीक पानावर शिक्का मारतं, हे वाचकांना ठाऊक असेल. आमच्याकडे ते एकविसावं पान आहे. अमेरिकन कॉमिक्सचा एक अंक साधारण वीस-बावीस पानांचा, म्हणजे सगळी गुपितं फुटतात ती नेमकी तिथे. खलनायक मुखवटा काढतो आणि त्याच्या तोंडावर जांभळ्या शाईत ‘सार्वजनिक वाचनालय’. तीन-चार पुस्तकांत हेच पाहिल्यावर कन्येने विचारलं, “बाबा, सगळ्यांतला वाईट माणूस हे वाचनालयच आहे का?” मी वार्षिक वर्गणी भरलेली असल्यामुळे उत्तर दिलं नाही.

आवाज काढून वाचायची जबाबदारी माझ्याकडे. सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर मी सदाशिव पेठी मराठीत वाचतो. “आपण कोण? काय काम आहे? एक ते चार आम्ही जग जिंकत नाही.” मजकुराशी हे सगळं जुळतंच असं नाही, पण भाव जुळतो.

परवा कुणीतरी देणगी दिलेल्या गठ्ठ्यात जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचे बांधीव खंड निघाले. ज्यांचं बालपण ऐंशीच्या आधी सरलं त्यांना सांगायला नको. टाइम्स समूहाने 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं, 1990 मध्ये बंद केलं, आणि मधल्या काळात वेताळाने मराठी मुलांच्या कित्येक दुपारच्या झोपा मोडल्या. ली फॉकने 1936 साली जन्माला घातलेल्या या फँटमला उडता येत नाही, डोळ्यांतून किरण येत नाहीत. त्याच्याकडे एकच शक्ती आहे: लोकांचा समज. समज असा की हा चारशे वर्षं जिवंत आहे, तो मरत नाही. खरी गोष्ट अशी की 1536 मध्ये पहिल्या वेताळाने शपथ घेतली आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा, तोच पोशाख चढवून कवटीच्या गुहेतल्या त्याच सिंहासनावर बसतो. सध्याचा एकविसावा. जंगलातली जनता खूश. माणूस बदलला हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आलंच तर बोलायची पद्धत नाही.

कन्येला यात चमत्कारिक काही वाटलं नाही. तिला आमच्या वॉर्डातले फलक पाठ आहेत. चमत्कारिक वाटलं ते मला. एकवीस पिढ्यांत एकदाही काका-पुतण्यात फाटत नाही, गुहेवर दोन गटांचा दावा नाही, कवटीचं चिन्ह गोठवलं जात नाही! लेखक अमेरिकन होता, हे इथेच कळतं.

तिचा प्रश्न निराळा होता. या एकविसाव्याला जुळी मुलं आहेत, किट आणि हेलॉइज. “मग पुढचा वेताळ किटच कशावरून?” मी इतिहासाचा आधार घेतला. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली हिने भावाला जमत नव्हतं तेव्हा स्वतः मुखवटा चढवून काम पाहिलं होतं. “मग भाऊ बरा झाल्यावर?” भाऊ बरा झाल्यावर मुखवटा भावाकडे. आपल्या ग्रामपंचायतींत याच्या उलट असतं: खुर्ची बाईची आणि मुखवट्याची गरजही न बाळगता कारभार नवऱ्याचा. तुलना करून मोकळा झालो. तिचं समाधान झालेलं नाही.

राजकारणाचं शिक्षण द्यायला पाठ्यपुस्तकं कमी पडतात म्हणणाऱ्यांनी अ‍ॅव्हेंजर्सचा 1965 सालचा सोळावा अंक मुलांना वाचून दाखवावा. आयर्न मॅन, थॉर वगैरे संस्थापक मंडळी थकून बाजूला होतात. संघटना मोकळी पडते. मग भरती कोणाची? हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच. पहिला आयर्न मॅनच्या जिवावर उठलेला. उरलेली दोघं भावंडं मॅग्नेटोच्या टोळीतली, आणि त्या टोळीच्या नावातच ‘दुष्ट’ असा शब्द होता. कुणी लपवाछपवी केलेली नव्हती. तिघांनाही प्रवेश मिळतो, कॅप्टन अमेरिकाच्या नेतृत्वावर विश्वास ठेवून.

“हे आधी वाईट होते ना?”

“होते.”

“मग आता?”

“आता आले ना आपल्याकडे.”

“मग आधी केलेलं?”

बाहेरच्या खोलीत मराठी बातम्या चालू होत्या. मी उठून टीव्ही बंद केला. एका वेळी एकच गोष्ट समजावता येते.

या पुस्तकांत अशक्य गोष्टी भरलेल्या असतात, अशी तक्रार असते. मला अशक्य वाटते ती एकच: क्लार्क केंटची, म्हणजे साध्या कपड्यांतल्या सुपरमॅनची नोकरी. माणूस उडतो, इमारत उचलतो, हे मी मान्य करतो. पण एक वार्ताहर ऐन बातमीच्या वेळी कायम गायब असतो, आणि 1940 पासून ‘डेली प्लॅनेट’मध्ये पगारावर आहे? बाकी चष्मा लावला की त्याला कुणी ओळखत नाही याची थट्टा होते, त्यात मात्र तथ्य आहे. वार्ताहराच्या तोंडाकडे कोण बघतं? लोक त्याच्या हातातल्या माइककडे बघतात.

खरी पत्रसृष्टी कळते ती स्पायडरमॅनमध्ये. 1962 साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो उभा केला तेव्हा या दोघांनी कुठल्या ना कुठल्या संपादकाचा नक्की अनुभव घेतलेला असणार. जे. जोना जेमसन हा संपादक स्पायडरमॅनचे फोटो विकत घेतो, ते छापून खप वाढवतो आणि त्याच फोटोच्या वर ‘हा समाजाला धोका’ असा मथळा देतो. फोटो आणणारा पोरगा पीटर पार्कर, म्हणजे खुद्द स्पायडरमॅन. त्याच्या हातावर टेकवतो ती रक्कम इतकी तोकडी की काकूच्या औषधांना पुरत नाही. मी हे पान जरा जास्तच जीव ओतून वाचतो, असं घरातून सांगण्यात आलं आहे.

आता संस्कारांकडे येतो. आमच्या सोसायटीत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कन्येच्या हातात बॅटमॅन दिसला की ते मला थांबवतात. या असल्या चित्रांनी मुलं हिंसक होतात, आळशी होतात, खरं वाचन मागे पडतं. सर, हे सगळं तुमच्याआधी होऊन गेलं आहे आणि तिकडे मोठ्या प्रमाणावर झालं आहे. 1948 मध्ये अमेरिकेत गावोगाव शाळकरी मुलांकडून घरातली कॉमिक्स गोळा करून होळ्या पेटवल्या. बिंगहॅम्टनमधल्या अशा एका होळीचे फोटो आहेत. मुलं गोल उभी राहून बघताहेत. पुस्तकं जाळणाऱ्या हिटलरला हरवून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मग 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञाचं पुस्तक आलं. कॉमिक्स वाचून पोरं गुन्हेगार बनतात, हा त्याचा सिद्धांत. सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या. सरकारने बंदी घालण्याआधी प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता लिहून काढली आणि मुखपृष्ठावर मंजुरीचा शिक्का मारायला सुरुवात केली. शेवटी चांगल्याचाच विजय दाखवायचा. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही छापायचं नाही. (हे कलम मंत्रालयात कुणाच्या नजरेला पडू नये, अशी माझी प्रार्थना आहे.)

या संहितेचं काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. अमेरिकी सरकारच्याच आरोग्य आणि शिक्षण खात्याने स्टॅन ली यांना पत्र पाठवलं: अमली पदार्थांच्या विरोधात एखादी गोष्ट लिहा, पोरं तुमचं ऐकतात. त्यांनी 1971 मध्ये स्पायडरमॅनच्या तीन अंकांत ती लिहिली. संहितेच्या पहारेकऱ्यांनी अडवली. का? तर अमली पदार्थांचा उल्लेखच नको. विरोधातसुद्धा नको. मार्व्हलने शिक्का न मारता तिन्ही अंक छापले, ते खपले, आकाश कोसळलं नाही आणि संहिता वर्षाच्या आत सैल करावी लागली. आणि वर्थमसाहेब? त्यांची खासगी कागदपत्रं पुढे अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने ती तपासून 2012 मध्ये दाखवून दिलं की गृहस्थाने मुलांच्या जबान्या फिरवल्या होत्या, चार तोंडची वाक्यं एकाच्या तोंडी घातली होती, सोयीचं ठेवून गैरसोयीचं गाळलं होतं. मुलांना खोटं बोलू नये असं शिकवण्यासाठी केवढी ही खटपट! मुख्याध्यापकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “तरीपण.”

‘तरीपण’च्या पुढचा टप्पा आमचे एक काका. (काका लांबचे, मतं जवळची.) “आपल्या पुराणांत हे सगळं आधीच आहे. मारुती हाच पहिला सुपरहिरो.” काकांना ठाऊक नाही की हा युक्तिवाद त्यांच्याआधी एका माणसाने केला आणि नुसता केला नाही, तर पुरा करून दाखवला. अनंत पै टाइम्समध्ये इंद्रजालच्या कामात होते. तिथून बाहेर पडून त्यांनी 1967 मध्ये अमर चित्र कथा काढली. ज्या हातांनी वेताळ आणला, त्याच हातांनी कृष्ण आणला. आणि चित्रांच्या गोष्टींना बैठकीच्या खोलीत पाट मिळाला. तोच फुगा, तीच चौकट, तीच मारामारी. पण गदा असली की संस्कार आणि मुखवटा असला की विकृती. त्याच 1967 साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही आला, वाचनालयांना वर्ग मिळाले, अनुदानं मिळाली, तपासण्या सुरू झाल्या. आज आमच्या वाचनालयात अमर चित्र कथा मधल्या कप्प्यात असते. सोबत शास्त्रज्ञ घ्यावा लागत नाही.

काकांच्या समाधानासाठी मी त्यांना पवित्र प्रभाकर दाखवला. 2004 मध्ये निघालेला भारतीय स्पायडरमॅन. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला पोरगा. कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो. भीम नावाचे काका, माया नावाची काकू. आणि वर नेहमीचा जाळीदार पोशाख, खाली धोतर. काका दोन मिनिटं बघत राहिले. म्हणाले, “धोतर आपलं आहे; पण हे नेसणं आपलं नाही.” कन्या म्हणाली, इमारतीवरून उडी मारताना ते सुटत कसं नाही? मला विचाराल तर उडीचं काहीच नाही. तेवढं धोतर सावरत त्याने सकाळी साडेआठला डोंबिवलीहून जलद लोकलमध्ये चढून दाखवावं.

या सगळ्यांचा बाप सुपरमॅन. तो ज्यांनी काढला त्या जेरी सिगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी 1938 मध्ये त्याचे सगळे हक्क 130 डॉलरला देऊन टाकले. कंपनीने चित्रपट काढले, खेळणी काढली, टीव्ही मालिका काढल्या. निर्माते कोर्टात गेले, हरले, नाव छापायचंही बंद झालं. 1975 मध्ये मोठा सिनेमा येऊ घातला, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, व्यंगचित्रकारांनी त्यांची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे दोघांना वर्षाला 20 हजार डॉलर निवृत्तिवेतन आणि पानावर नाव परत मिळालं. तोवर शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. ज्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला, त्याची दहा सेंटची एक प्रत 2024 मध्ये 60 लाख डॉलरला विकली गेली. कन्येला एवढंच कळलं की ज्याने चित्र काढलं त्याला पैसे मिळाले नाहीत. “मग सुपरमॅनने काही केलं नाही?” नाही. तो कंपनीकडे नोकरीला होता.

सध्या आमच्याकडे मिस मार्व्हल चालू आहे. जर्सी सिटीत राहणारी कमला खान, पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची मुलगी, 2014 पासून स्वतःच्या नावाचं कॉमिक्स असलेली. हिला हातपाय हवे तेवढे लांब करता येतात, पण रात्री घराबाहेर पडायची परवानगी मिळत नाही. आई दारात उभी. अभ्यासाचं काय, कुणाबरोबर गेली होतीस, फोन का उचलला नाहीस. पोशाख शिवायला पैसे नाहीत म्हणून तिने पोहायचा बुर्किनी कापून तो बनवला आहे. पहिल्या खंडाला 2015 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, तरीही तो वाचनीय आहे. खलनायक येतात-जातात, त्यांचं काही वाटत नाही. आईपासून ती कशी सुटते याची धाकधूक मात्र आम्हा दोघांनाही असते. फरक इतकाच की मी आता आईच्या बाजूने असतो. यावरून आमचे वाद झाले आहेत.

तर अडचण अशी आहे. वाचनालयात पहिला खंड आहे. तिसराही आहे. दुसरा ‘बाहेर’ आहे. गेले दोन महिने तो बाहेरच आहे. काउंटरवरच्या बाई म्हणतात, सभासदाला फोन केला होता, ‘आणतो’ म्हणाले. नाव सांगता येत नाही, नियम आहे. आणखी एक प्रत मागवा म्हटलं, तर ग्रंथनिवड समितीची बैठक दिवाळीनंतर आणि तिच्या विषयपत्रिकेवर कॉमिक्स हा विषय बसत नाही, कारण ठरावानुसार ते पुस्तक नाही.

समितीला माझं सांगणं एवढंच: मालिका घ्यायची तर सलग घ्या, खंडांचे क्रमांक कण्यावर ठळक घाला, बाइंडरला आतली अर्धा इंच जागा सोडायला सांगा, आणि तो नियम खाली उतरवा. आणि दुसरा खंड ज्या सभासदांकडे आहे ते हे सदर वाचत असतील, तर त्यांनी तो येत्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत काउंटरवर आणून द्यावा. दंड मी भरतो. कन्या साडेपाचपासून तिथे उभी असेल.